विंचेस्टर ९४ चे ११०० डॉलर? जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलीची रास्त किंमत कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या एका मराठी गृहस्थांना हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची आहे. ऑफिसातला सहकारी त्याच्या वडिलांच्या मागे राहिलेली विंचेस्टर मॉडेल ९४, ३०-३० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (चापाखालची लिव्हर खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) रायफल, ११०० डॉलरला द्यायला तयार आहे. ‘प्री-सिक्स्टीफोर’ म्हणजे १९६४ च्या आधीची आहे, वडिलांनी १९६२ साली घेतली होती, असं तो सांगतो. सिरियल नंबर ३१ लाखांच्या घरातला आहे, डाव्या बाजूने दुर्बीण बसवलेली आहे आणि दस्त्याला मागून रबरी पॅड आहे. दुसरीकडे एका पॉनशॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानात) मार्लिन ३३६ ही तशीच लिव्हर-ॲक्शन रायफल आहे, चिठ्ठी ७५० डॉलरची. ११०० रास्त आहेत का, नसतील तर किती म्हणायचे, की सरळ मार्लिन घ्यावी?

११०० रास्त नाहीत. किती म्हणायचे तेही खाली काढून दाखवतो, पण त्याआधी एक गुंता सोडवायला हवा. ‘मॉडेल ९४ ची किंमत किती’ असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून १८९४ मध्ये सुरू झालेली ही रायफल न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद होईपर्यंत बनत होती. आता ती जपानमध्ये मिरोकू या कंपनीकडे बनते. एवढ्या काळात एकाच नावाखाली इतक्या निरनिराळ्या बंदुका निघाल्या की काही शंभरांच्या घरात जातात आणि काही हजारांच्या.

त्यात गिऱ्हाईकं दोन जातीची. एक संग्राहक, दुसरा शिकारी. संग्राहक मूळपणाचे पैसे देतो: कारखान्यातून आली तशी ती आज आहे का? शिकारी कामाचे पैसे देतो: नीट भरते का, नेम लागतो का, पावसात नेली तर जीव हळहळणार नाही ना? एकच खोट या दोघांना वेगवेगळी झोंबते. १९२० च्या दशकातल्या कार्बाइनच्या (आखूड नळीच्या रायफलीच्या) रिसीव्हरला, म्हणजे आतली यंत्रणा धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याला, कुणी दुर्बिणीसाठी दोन भोकं पाडली असतील तर संग्राहकाच्या लेखी तिची किंमत जवळपास अर्धी होते. शिकाऱ्याला त्याच भोकांचं फारसं सोयरसुतक नसतं. उलट नळीचं तोंड झिजलेलं असेल तर भिंतीवर लावणारा कानाडोळा करील, शिकाऱ्याची मात्र बंदूकच वाया गेली. म्हणून पहिला सवाल रायफल चांगली की वाईट हा नाही. ती कोणत्या बाजारातली आहे, हा आहे. तुमचा सहकारी संग्राहकाचा भाव सांगतोय आणि बंदूक शिकाऱ्याच्या बाजारातली आहे. तो फसवत असेलच असं नाही. घरात ऐकलेल्या गोष्टी अशाच पुढे चालत येतात.

आता ती १९६२ ची का नाही, ते पाहू. रिसीव्हरच्या खालच्या अंगाला, लिव्हरच्या पुढे सिरियल नंबर असतो. जुन्या पद्धतीच्या मॉडेल ९४ चे नंबर साधारण २६ लाखांच्या आत संपतात आणि १९६४ ची नवी मालिका २७ लाखांपासून सुरू होते. ३१ लाखांच्या घरातली बंदूक १९६० च्या दशकाच्या अखेरची. वडिलांनी १९६२ मध्ये एखादी रायफल घेतलीही असेल, पण ती ही नव्हे. नंबरावर विश्वास बसत नसेल तर आतून बघा. लिव्हर पूर्ण उघडली की काडतूस वर उचलणारा भाग, म्हणजे कॅरियर, दिसतो. आधीच्या बंदुकीत तो सबंध पोलादातून कापून काढलेला असतो, नंतरच्या बंदुकीत पत्रा दाबून वळवलेला. रिसीव्हरच्या बाजूच्या पिनाही बघा. भरीव असतील तर जुनी. गुंडाळलेल्या पत्र्याच्या, मध्ये पोकळ असतील तर १९६४ नंतरची.

१९६४ चा एवढा बोभाटा का? खर्च वाचवायला विंचेस्टरने त्या वर्षी घडणच बदलली. कॅरियर पत्र्याचा झाला, पिना पोकळ झाल्या. रिसीव्हरचं पोलादही असं आलं की ते नेहमीचं ब्लूइंग (बंदुकीच्या पोलादाला देतात तो निळसर-काळा रंग) नीट धरत नाही, म्हणून त्यावर वेगळ्या प्रक्रियेचा थर द्यावा लागला. तो थर काही बंदुकांवर पापुद्र्यासारखा सुटतो, काहींवर तपकिरी-जांभळा पडतो. लोकांना हे रुचलं नाही आणि ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द बाजारात कायमचा चिकटला. माझं मत विचाराल तर ही नाराजी रास्त असली तरी वाजवीपेक्षा जास्त ताणली गेली आहे. १९६८ ची ९४ हरीण पाडायला १९५८ च्या ९४ इतकीच चालते. फक्त तिला १९५८ चा भाव द्यायचं कारण नाही. आणि लक्षात ठेवा, असा रिसीव्हर ‘पुन्हा ब्लूइंग करून घेऊ’ म्हणत घेऊ नका. साध्या गरम टाकीत बुडवला तर रंग विचित्र येतो आणि वर पैसे जातात.

पुढचे टप्पे तुमच्या बंदुकीला लागू नाहीत, पण इतर जाहिराती बघताना उपयोगी पडतील. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टरफल सरळ वर न उडता तिरकं बाहेर पडेल अशी रचना आली, त्यामुळे दुर्बीण वर मधोमध बसवता येऊ लागली. १९९२ मध्ये रिसीव्हरला आडवं बटण असलेली सेफ्टी आली. ती बऱ्याच जणांना डोळ्यात खुपते, त्यामुळे त्या काळातली बंदूक घेताना घासाघीस करायला जागा असते. २००३ पासून सेफ्टी मागे टँगवर, म्हणजे रिसीव्हरच्या मागे दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीवर, गेली. स्मरणार्थ काढलेल्या सोनेरी-चंदेरी आवृत्त्यांची वेगळीच गंमत आहे. ‘बफेलो बिल’, ‘कॅनेडियन सेंटेनियल’ वगैरे इतक्या प्रचंड संख्येने निघाल्या की त्यांना दुर्मीळ म्हणणं विनोदच. न उडवलेली, मूळ खोक्यासह असेल तर थोडा जास्त भाव. एकदा शिकारीला नेली की ती साध्या ९४ च्या रांगेत.

आता पायाभूत किंमत. इथे बहुतेकांची पहिली चूक होते, ती म्हणजे मागितलेल्या किमती पाहणं. जाहिरातीत कुणीही काहीही मागतं, आणि जी बंदूक सहा महिने विकली जात नाही तीच तुम्हाला सहा महिने दिसत राहते. पाहायचे ते झालेल्या विक्रीचे आकडे. गनब्रोकरसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की संपलेले लिलाव पाहता येतात. त्यातही बोली लागून विकल्या गेलेल्या तेवढ्याच निवडा. निवडताना चार गोष्टी जुळायला हव्यात: कालखंड (तुमच्यासाठी १९६४ ते १९७० च्या दशकाची अखेर), काडतूस (३०-३०), नळीची लांबी (साधी कार्बाइन असेल तर २० इंच) आणि अवस्था. १९६४ आधीची, स्मरणार्थ काढलेली किंवा २५-३५ सारख्या कमी आढळणाऱ्या काडतुसाची बंदूक यादीत घुसली की सगळा हिशेब बिघडतो.

उदाहरण म्हणून धरू की तुम्हाला सहा विक्री सापडल्या: ६१०, ६४०, ६७०, ६८०, ७२५ आणि ८९०. हे आकडे मी पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, तुम्ही तुमचे ताजे घाला. ८९० ची बंदूक उघडून बघा. बहुधा खोक्यासकट, नव्यासारखी असेल, नाहीतर दोघं बोली लावणारे हट्टाला पेटले असतील. ती बाजूला ठेवा. उरलेल्या पाचांतला मधला आकडा ६७०. सरासरी काढण्यापेक्षा मधला आकडा बरा, कारण एखाद्या वेड्या विक्रीने तो हलत नाही.

पण ६७० ही लिलावातली किंमत. घेणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. वाहतुकीचे समजा ४५ डॉलर, तुमच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याची हस्तांतरणाची फी ३५, पेनसिल्व्हेनियाचा ६ टक्के विक्रीकर म्हणजे सुमारे ४०. एकूण ७९०. विकणाऱ्यालाही ६७० मिळत नाहीत. संकेतस्थळाचं कमिशन समजा ४० गेले तर हातात ६३०, शिवाय खोकं बांधा, पाठवा, तक्रारी ऐका. याचा अर्थ समोरासमोरच्या व्यवहारात ६३० च्या खाली गेलं तर विकणाऱ्याचं नुकसान आणि ७९० च्या वर गेलं तर तुमचं. रास्त किंमत या दोन कडांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि दोघांनी वाचलेला खर्च अर्धा अर्धा वाटून घेतला तर ती ७१० च्या आसपास येते. ओळखीतल्या माणसाशी बोलताना हा हिशेब फार कामाला येतो. ‘तुमची बंदूक भंगार आहे’ असं म्हणावं लागत नाही, आणि त्याला ती इतरत्र विकून किती मिळाले असते हेही कागदावर दिसतं.

विक्रेत्याकडे नेली तर काय मिळेल, हे सहकारी विचारीलच. दुकानदाराला ती पुन्हा विकायची असते, भाडं भरायचं असतं, कधी महिनोन्महिने भिंतीवर ठेवायची असते. म्हणून तो किरकोळ विक्रीच्या अर्ध्यापासून पासष्ट टक्क्यांपर्यंत देतो. हा आकडा त्याच्या बंदुकीची ‘खरी किंमत’ म्हणून पुढे करू नका. ते अन्यायाचं होईल.

हंगामाचाही भाव असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर, हरणाच्या हंगामाच्या तोंडावर लिव्हर-ॲक्शन महाग. हंगाम संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत शांतता. राज्याचे नियमही भावात उतरतात. ओहायोत हरणासाठी रायफलीत फक्त सरळ भिंतीचं काडतूस चालतं, म्हणून तिथे ४५-७० आणि ४४ मॅग्नमच्या लिव्हर-ॲक्शनला मागणी आणि मान निमुळती असलेल्या ३०-३० ला कमी. पेनसिल्व्हेनियात ३०-३० बिनदिक्कत चालतं, तेव्हा शेजारच्या राज्यातला भाव इकडे लावू नका.

पायाभूत किंमत झाली. आता प्रत्यक्ष पाहणी. पहिलं काम बंदूक रिकामी करणं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर काही वेळा पूर्ण उघड-बंद करा, मग उघडी ठेवून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) बोट घाला आणि नळीखालच्या मॅगझिनचा फॉलोअर, म्हणजे काडतुसं मागे ढकलणारा तुकडा, डोळ्यांनी बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या रायफलीत काडतूस राहिलेलं असणं अजिबात नवलाचं नाही.

मॉडेल ९४ मध्ये मी सगळ्यात जास्त वेळ नळीच्या तोंडाशी घालवायला सांगेन. कारण साधं आहे. या बंदुकीचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढणं कटकटीचं, म्हणून पिढ्यान्पिढ्या लोक तिला पुढूनच गज घालून साफ करतात. गज तोंडाच्या कडेवर घासतो, आणि गोळी बाहेर पडताना जिथे शेवटचा स्पर्श होतो तीच कड एका बाजूने झिजते. मग नेम पांगतो, आणि मालक दुर्बिणीला शिव्या देतो. पाहायचं कसं? नुसती ३० कॅलिबरची गोळी (काडतूस नव्हे, फक्त गोळी) तोंडात उलटी न घालता टोकाने घाला. ती बरीच आत गेली, किंवा एका बाजूला फट दिसली, तर तोंड झिजलेलं आहे. बंदूक दुरुस्त करणारा नळीचं तोंड नव्याने कापून देतो, आणि ते काम फार महाग नसतं. शिकाऱ्याच्या हिशेबात तेवढी मजुरी वजा करा आणि पुढे चला.

नळीच्या आत दिवा टाकून बघा. पिळाच्या खाचा टोकदार दिसायला हव्यात. काळपट दिसली तर लगेच घाबरू नका, जुना मळ आणि तांब्याचा थर साफ केल्यावर निघतो. विकणाऱ्याला विचारून ओला बोळा दोनदा फिरवा. साफ केल्यावरही खळगे दिसले तर ते गंजाचे, आणि ते कायमचे. थोडे खळगे असलेली ३०-३० शंभर यार्डांवर हरणाला पुरेशी लागू शकते, पण तिची किंमत पहिल्या रांगेतली राहत नाही.

दस्ता पाहताना मागचा टँग लाकडात जिथे शिरतो तिथे केसाएवढी भेग आहे का ते नखाने चाचपा. दस्त्याचा स्क्रू सैल राहिला की प्रत्येक धक्क्याला टँग पाचरीसारखा लाकडात घुसतो आणि भेग लांबत जाते. तुमच्या बंदुकीत खरा सवाल रबरी पॅडचा. चापाच्या पुढच्या कडेपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत मोजा. ९४ चं मूळ माप साधारण १३ इंच. पॅड इंचभर जाड धरला तर पॅडसकट १४ भरल्यास दस्ता कापलेला नाही, मूळ बटप्लेट (दस्त्याच्या मागची पट्टी) परत बसवता येईल. पॅडसकट १३ भरलं तर इंचभर लाकूड गेलं, आणि १२ भरलं तर कुणीतरी मुलासाठी आखूड केलेला. कापलेलं लाकूड परत येत नाही. मग जुन्या दस्त्याची बाजारातली किंमत बघून तेवढी वजा करायची. अर्थात तुमचे हात आखूड असतील आणि १३ इंच तुम्हाला बरोबर बसत असेल तर पॅड तुमच्या फायद्याचाच आहे. तरी वजावट सोडू नका, उद्या विकताना पुढचा माणूस ती करणारच.

दुर्बीण बाजूने का, हेही समजून घ्या. त्या काळच्या ९४ मधून टरफल सरळ वर उडतं, त्यामुळे दुर्बीण वर मधोमध बसवली तर टरफल तिला आपटतं. म्हणून डावीकडे सरकवून बसवतात, आणि त्यासाठी रिसीव्हरला भोकं पाडावी लागतात. गाल दस्त्याला नीट लागत नाही, नेम तिरका घ्यावा लागतो. अशा बंदुकीवर साधी लोखंडी साईटच बरी, असं माझं ठाम मत आहे. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला मागच्या बाजूची दोन छोटी भोकं मात्र पीप-साईटसाठी (बारीक भोकातून नेम धरायच्या साईटसाठी) कारखान्यातली असू शकतात, ती वजावटीत धरू नका. बाकीची धरा. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्वस्त दुर्बिणीचे पैसे शून्य. सहकारी म्हणेल त्या वेळी ती महाग होती. असेल.

स्क्रूंची डोकी बघा. खाचा चिरडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने बंदूक उघडली होती, आणि ज्याला योग्य पेचकस मिळाला नाही त्याने आत काय केलं असेल याचा संशय घ्यायला हरकत नाही. पुन्हा ब्लूइंग केलेली बंदूक ओळखायची तर रिसीव्हरच्या कडा गोलावल्या आहेत का, नळीवरची अक्षरं पुसट झाली आहेत का, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा आला आहे का, ते बघा. नळी कोरी चकचकीत आणि रिसीव्हर जांभळा, असा जोड दिसला तर नळीलाच नवा रंग दिलेला असण्याची शक्यता जास्त. शिकाऱ्याच्या बाजारात यासाठी थोडीच वजावट. मूळपणाच्या नावाखाली जास्त पैसे मागत असतील तर मात्र मोठी.

आता चालवून बघा. सहा डमी काडतुसं सोबत न्या (खरी नकोत) आणि मालकाची परवानगी घेऊन एकेक भरा. सहाही गेटमधून (रिसीव्हरच्या बाजूच्या भरायच्या झडपेतून) नीट आत जायला हवीत. मग लिव्हर एकदा सावकाश, एकदा जोरात चालवा. पत्र्याचा कॅरियर असलेल्या बंदुकीत काडतूस अर्धवट वर येणं किंवा एकामागून दुसरं सरकणं, या तक्रारी इथेच उघड होतात. लिव्हर बंद केल्यावर बोल्टच्या मागे उभा लॉकिंग ब्लॉक पूर्ण वर येऊन बसला पाहिजे. तो खालीच अडकत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. लिव्हर मुठीत दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, हा दोष नाही. तशी रचनाच आहे. पण लिव्हर किंचित उघडी असतानाही हॅमर (मागचा घोडा) पडला, तर ती सुरक्षा गेलेली. हॅमर अर्ध्या खाचेवर ठेवून अंगठ्याने पुढे ढकला आणि चापही दाबा. तो पडता कामा नये. पडला तर खाच झिजलेली किंवा कुणीतरी चाप हलका करण्याच्या नादात घासलेली.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाच्या तळामधली फट, घरी डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गो आणि नो-गो गेज (फट मोजायची ठराविक मापं) लागतात. मालकाकडे उडवलेली टरफलं असतील तर मागून घ्या: प्रायमर तळाच्या बाहेर डोकावत असेल किंवा तळाच्या वर चमकदार कडं दिसत असेल तर फट वाढलेली असू शकते. ओळखीतला व्यवहार आहे, तेव्हा ‘आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवू, फी माझी’ असं सुचवा. नकार आला तर तोही एक माहितीचाच भाग.

अवस्थेला नाव देताना अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनची उतरंड वापरतात: न्यू, परफेक्ट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर. यातला ‘गुड’ आपल्या बोलण्यातल्या ‘छान’ सारखा नाही. त्याचा अर्थ सुरक्षित चालते, भाग तुटलेले नाहीत, थोडी झीज आहे, एवढाच. जाहिरातीतलं ‘एक्सलंट फॉर इट्स एज’ हे या उतरंडीत कुठेच बसत नाही. वयाची सवलत अवस्थेत नसते.

तर तुमचा हिशेब. वर काढलेली रास्त किंमत ७१०. दस्ता कापलेला निघाला तर ८० वजा. जास्तीच्या भोकांचे ६०. नळीचं तोंड झिजलेलं असेल तर त्याची मजुरी वेगळी. दुर्बिणीचे शून्य. तोंड चांगलं असेल असं धरलं तर ५७० उरतात. मी ५२५ पासून बोलायला सुरुवात करीन आणि ६०० च्या वर जाणार नाही. दस्ता अखंड निघाला आणि मूळ बटप्लेट कपाटात सापडली तर ६५० पर्यंतही हरकत नाही. अकराशेचा तर विचारच नको. मिरोकूच्या नव्या ९४ ची आणि रूगरच्या (मार्लिन आता हीच कंपनी बनवते) नव्या मार्लिन ३३६ ची कंपनीने छापलेली किंमत १२०० डॉलरच्या वर आहे. कोऱ्या, वॉरंटीच्या बंदुकीला खेटून जाणारा भाव भोकं पाडलेल्या वापरलेल्या बंदुकीला देण्यात काही हशील नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुम्ही दोघंही पेनसिल्व्हेनियाचे रहिवासी असाल तर रायफलीचा खाजगी व्यवहार दुकानाशिवाय होऊ शकतो. सहकारी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहत असेल तर बंदूक परवानाधारक विक्रेत्यामार्फतच, फॉर्म ४४७३ (खरेदीदाराने भरायचा संघीय अर्ज) आणि पार्श्वभूमी तपासणीसह घ्यावी लागेल. एकाच राज्यात असलात तरी मी तोच मार्ग सुचवीन, तीस-चाळीस डॉलरमध्ये कागद हाती राहतो. वडिलांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावायचा अधिकार सहकाऱ्यालाच आहे ना, की भावंडांची संमती बाकी आहे, हेही आधीच विचारा. आणि हे वाचणाऱ्या एच-१बी किंवा एफ-१ वाल्यांनी लक्षात ठेवा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना संघीय कायद्याने बंदूक घेणं तर सोडाच, बाळगणंही मना आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची बंदूक ‘जरा ठेवून घेतली’ तरी तो गुन्हा ठरू शकतो.

राहिली पॉनशॉपमधली मार्लिन. पहिली शिकारी रायफल म्हणून मला ३३६ जास्त पटते. टरफल बाजूने पडतं, रिसीव्हर वरून बंद, म्हणून दुर्बीण मधोमध बसते. लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागे सरकून बाहेर येतो, त्यामुळे नळी मागून साफ करता येते आणि तोंड झिजत नाही. किंमत मात्र कारखान्यावर ठरते. रिसीव्हरला लागून नळीवर ‘जेएम’ असा छोटा शिक्का असेल तर नळी मार्लिनच्या जुन्या कनेटिकटमधल्या कारखान्याची. ‘आरईपी’ असेल तर रेमिंग्टनने कंपनी घेतल्यानंतरची. काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत साईट तिरक्या, लाकूड-धातूची जोडणी ओबडधोबड, अशा तक्रारी खूप होत्या. पुढे काम सुधारलं, पण भावातला फरक राहिला. आरएमने सुरू होणारा नंबर रूगरचा. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून शतक संपेपर्यंतच्या नंबरांचे पहिले दोन अंक १०० मधून वजा केले की साल मिळतं: २१ ने सुरू होत असेल तर १९७९. १९८० च्या दशकात आडव्या बटणाची सेफ्टी आली, तिच्या आधीच्या बंदुका लोक जास्त मागतात.

दस्त्याच्या खालच्या कडेला मार्लिनची काळी-पांढरी गोल टिकली आहे का बघा. नसेल तर दस्ता बदललेला असू शकतो. नळीवर ‘ग्लेनफिल्ड’ असेल तर ती मार्लिनचीच स्वस्त मालिका: अक्रोडाऐवजी बर्च, आतली यंत्रणा मात्र तीच. ७५० ला ग्लेनफिल्ड नको. चारशे-पाचशेला मिळत असेल तर शिकाऱ्यासाठी याहून शहाणी खरेदी क्वचितच. एक खोट मात्र मार्लिनची खास: लिव्हरच्या आतल्या टोकाची धारदार कड कॅरियरच्या बुडाला हळूहळू खाच पाडते, मग कॅरियर वेळेवर उठत नाही, मॅगझिनमधून दुसरं काडतूस त्याच्याखाली शिरतं आणि लिव्हर अर्ध्यावर ठप्प. डमी काडतुसं घालून सावकाश चालवली की हे दिसतं. कॅरियर बदलून आणि लिव्हरची कड गोलावून दुरुस्त होतं, त्याची मजुरी वजा करा.

जेएम शिक्का, सेफ्टीच्या आधीची, अखंड दस्ता, स्वच्छ नळी, असं सगळं जुळलं तर तुमच्या भागातल्या झालेल्या विक्री बघून ७५० पटण्यासारखे असू शकतात. आरईपी असेल तर नाही. पॉनशॉपची चिठ्ठी ही बोलणीची सुरुवात असते, आणि हंगाम संपल्यावर ती बंदूक अजून भिंतीवर असेल तर दुकानदारही मोकळेपणाने बोलतो. फक्त भाव विचारताना कर आणि तपासणीची फी धरून हातात पडेपर्यंत किती, असं विचारा. ७५० वर ६ टक्के म्हणजे ४५ डॉलर तिथेच वाढतात, आणि ते धरल्याशिवाय तुमच्या सहकाऱ्याच्या ६०० शी तुलना होत नाही.